फोटोच्या पाठीवर नाव लिहून घ्या

मा. जिल्हाधिकारी, सातारा
मा. जिल्हाधिकारी, सांगली
यांस,



एकच पत्र दोन कचेऱ्यांना लिहितो आहे, त्याला कारण आहे. सांगली जिल्हा १९४९ साली झाला तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून. आजचं नाव त्याला १९६०मध्ये मिळालं. १९४९आधीच्या फोटोंना आजची जिल्ह्याची हद्द लागू पडत नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इतिहासात साताऱ्याचं म्हणून ओळखलं जातं, पण त्यातली कुंडल, वाळवा ही गावं आज सांगलीकडे आहेत. औंध संस्थानातलं औंध गाव साताऱ्यात राहिलं आणि त्याच संस्थानातली आटपाडी सांगलीत गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीचंही तेच. म्हणून मागणी दोघांकडे मिळून आहे: दोन्ही जिल्ह्यांचा एक छायाचित्र-संग्रह उभा करा, आणि त्यात प्रत्येक फोटोबरोबर त्याची माहिती नोंदवून घ्या. यातला दुसरा भाग अधिक निकडीचा आहे.

साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातली ती ओळ शाबूत राहिली, म्हणून बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा दिवस राज्यभर ‘विद्यार्थी दिन’ म्हणून पाळता येतो. रजिस्टर रद्दीत गेलं असतं, तर राजवाडा जागच्या जागी असूनही तो दिवस आपल्याला सांगता आला नसता.

आता जुन्या साताऱ्याचे फोटो बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरतात. ‘दुर्मिळ फोटो, पुढे पाठवा’ एवढंच खाली लिहिलेलं. साल कुठलं, काढला कुणी, कॅमेरा कुठल्या बाजूला होता, काही पत्ता नाही. हातोहात फिरताना फोटो धूसर होतो आणि कडेला छापलेलं स्टुडिओचं नाव कुणीतरी कापून टाकतं. असा फोटो बघायला छान वाटतो, पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जगापुढे मांडली गेली ती ऑगस्ट १८३९मध्ये. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून दूर केलं. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगलं, १८४८मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. ते प्रसंग कॅमेऱ्यात आले नाहीत, याचा दोष कुणाला द्यायचा? पण पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचे फोटो घरोघर आहेत. ते हातचे गेले तर दोष आपलाच.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, मग हमाल आत उतरायचा. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि तो व्यवहार मोडला. पेवाच्या तोंडाशी काढलेला एखादा फोटो हाती आला, तर दोर कसा धरला आहे, पोत्यावर कुणाची खूण आहे, डोक्याला काय गुंडाळलं आहे, हे सगळं त्यात सापडतं. गॅझेटियरमध्ये हळदीचा व्यापार सापडेल, हमालाचं तोंड सापडणार नाही. पण तो हमाल कोण, पेव कुणाचं, साल कोणतं, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. फोटो आणखी पन्नास वर्षं टिकेल. सांगणारा तोवर थांबणार नाही.

हे फोटो आहेत कुठे? बंद पडलेल्या स्टुडिओंच्या माळ्यावर, शाळांच्या भिंतींवर, साखर कारखान्यांच्या कपाटांत, गणेश मंडळांच्या ट्रंकांत, वृत्तपत्रांसाठी फोटो काढणाऱ्यांच्या घरी. यातलं सांगलीतलं पुष्कळसं पुराच्या रेषेखाली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. नगरवाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, त्याच्या बातम्या आल्या. घरातल्या अल्बमांचं काय झालं? पंचनाम्यात भांडी, कपडे, जनावरं येतात. अल्बमसाठी रकाना नसतो.

खरं तर भिजलेले फोटो लगेच टाकून द्यायचे नसतात. ओले असताना त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि तसेच एकावर एक वाळले की ते कायमचे चिकटतात. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवले, तर बरेच वाचतात. पुराआधी निघणाऱ्या सूचनापत्रकात एवढ्या दोन ओळी घालायला खर्च येत नाही.

संग्रहासाठी मोठी इमारत लागत नाही. काठमांडूत ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ २०११पासून घराघरांतल्या फोटोंच्या डिजिटल प्रती जमवते आहे. आपल्याकडे वाई, पाटण, तासगाव, मिरज अशा ठिकाणी तालुक्याच्या गावी शिबिरं घ्यावीत. लोकांनी अल्बम आणावेत, समोर स्कॅन व्हावं, मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत जावेत. प्रत्येक फोटोला एक अर्ज: कोण, कुठे, केव्हा, कुणी काढला, माहिती कुणी दिली. सांगणाऱ्याचं बोलणंही ध्वनिमुद्रित करावं. लग्नातले, घरातले फोटो सगळ्यांना दाखवायचे की नाहीत, हे घरच्यांना ठरवू द्यावं. त्यांची हरकत असेल तर फोटो नोंदीत राहील, बाहेर येणार नाही. स्टुडिओवाल्याचं नाव मात्र कधीही वगळू नये. प्रती तीन: एक साताऱ्यात, एक सांगलीत वरच्या मजल्यावर आणि एक कृष्णेच्या खोऱ्याबाहेर, मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयात.

पैशाचा प्रश्न येईलच. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आपणच आहात, तेव्हा प्रस्ताव कुठे मांडायचा हे आम्ही सांगण्याची गरज नाही. सुरुवात आपल्याच दप्तरापासून करता येईल. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, धरणांसाठी उठवलेली गावं, एकामागून एक आलेले पूर, यांचे फोटो सरकारी फायलींत टाचणी लावून पडले असतील. त्या टाचणीचा गंज आधी काढा. मग गावातल्या जुन्या जाणत्यांना बोलवा आणि एकेका चेहऱ्यापुढे नाव लिहून घ्या.

पहिलं शिबिर सांगलीत, पावसाळ्याआधी व्हावं, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
कृष्णाकाठचा एक रहिवासी