पेला, परवाना आणि वतन : नापा खोऱ्याचा अर्धाच सांगितला जाणारा इतिहास

१/
नाशिकला 'भारताची नापा' म्हणण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. ही उपमा देणाऱ्यांना नापाचा पेला ठाऊक असतो. त्या पेल्यामागचा जमिनीचा कायदा मात्र बहुधा ठाऊक नसतो. कॅलिफोर्नियातील त्या कायद्याचा, त्याच्या थोरवीचा आणि त्याच्या अन्यायाचाही हा धागा.

२/
आधी शेजारच्या खोऱ्याचे उदाहरण. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेचे सांता क्लारा खोरे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फळबागांसाठी विख्यात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती, रस्ते आणि कारखाने आले. एकेक बाग विकली गेली. आज जग त्या भूमीला सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखते. तेथे एके काळी जर्दाळू पिकत, हे सांगावे लागते.

३/
उपसागराच्या उत्तरेला नापा. तेथेही तेच घडू घातले होते. १९६८ मध्ये नापा काउंटीच्या (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा) निर्वाचित मंडळाने खोऱ्याची जमीन 'कृषी राखीव क्षेत्र' म्हणून घोषित केली. अमेरिकेतील हे असे पहिलेच क्षेत्र. जमिनीचा किमान तुकडा २० एकरांचा ठरला; पुढे तो ४० एकर झाला. म्हणजे प्लॉट पाडून विकण्याची वाटच बंद.

४/
'आमची जमीन, आमचा अधिकार' असा विरोध तेव्हाही झाला. परंतु १९७६ च्या पॅरिसमधील प्रसिद्ध चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी नापाच्या स्टॅग्ज लीप या वायनरीची रेड वाइन पहिली ठरवली, तेव्हा हे खोरे द्राक्षांचेच राहिलेले होते. त्या विजयाची कथा सारे सांगतात. आठ वर्षांपूर्वीच्या ठरावाची कोणी सांगत नाही.

५/
कीर्तीबरोबर नवे संकट आले, आणि ते बाहेरून नव्हे, वायनरींच्याच दारातून. एकरभर द्राक्षांपेक्षा एकरभर पाहुण्यांचे उत्पन्न अधिक होऊ लागले, की जमिनीचा भाव पाहुण्यांवर ठरतो. मग केवळ द्राक्षे पिकवणाऱ्याला ती जमीन घेणे परवडत नाही. बाग ही टेस्टिंग रूमची शोभा होऊन बसते.

६/
म्हणून १९९० मध्ये काउंटीने 'वायनरी' या शब्दाची कायदेशीर व्याख्याच केली. नव्या वायनरीच्या वाइनमध्ये किमान ७५ टक्के द्राक्षे नापा काउंटीतील हवीत. टेस्टिंग आधी वेळ ठरवून आलेल्यांपुरतेच. वायनरीच्या अंगणात भाड्याने लग्नसमारंभ नाहीत. पाहुणचार हा शेतीच्या आश्रयाने राहील, शेती पाहुणचाराच्या आश्रयाने नव्हे, हे त्यामागचे तत्त्व.

७/
त्याच वर्षी मतदारांनी 'मेझर जे' मंजूर केला : शेतजमिनीचा वापर बदलायचा तर, मोजके अपवाद सोडता, लोकांचे मत घ्यावे लागेल. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २००८ मध्ये मतदारांनी त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढवली. तेव्हा या नियमांना 'बाबूंची लाल फीत' म्हणून हिणवणाऱ्यांनी सांता क्लाराचा नकाशा एकदा पाहावा.

८/
येथवर कायद्याची थोरवी. पण इतिहास येथेच थांबवणारे दुसरी चूक करतात. १९९० च्या नियमात एक फट होती : ज्या वायनरींना पूर्वीपासून सर्वांसाठी खुल्या टेस्टिंगचा हक्क होता, त्यांचा तो हक्क अबाधित राहिला. रस्ता तोच, माती तीच, पाणी तेच. एकाचे दार उघडे आणि शेजाऱ्याच्या दारावर अटी.

९/
मराठी वाचकाला ही व्यवस्था अनोळखी वाटू नये. आपल्याकडे तिला वतन म्हणत. हक्क कामावर नव्हे, तर पूर्वापार चालत आल्यावर ठरे. आणि स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने खालसा करावी लागली. तारखेवर आधारलेला परवाना हे वतनाचेच आधुनिक रूप नव्हे काय?

१०/
सर्वाधिक झळ लहानांना. १९९० पूर्वी काही छोट्या वायनरींना परवान्यातून सूट मिळाली होती, पण सार्वजनिक टेस्टिंग न करण्याच्या अटीवर. मोठ्यांकडे वितरकांचे जाळे असते. लहानांची भिस्त दारी आलेल्या ग्राहकावर. अशाच सुटीच्या अर्थावरून २०२२ मध्ये काउंटीने हूप्स व्हिनयार्डवर दावा लावला. २०२४ मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल काउंटीच्या बाजूने गेला.

११/
'एकाला मोकळीक दिली तर सारे खोरे जाईल' हा बचाव पोकळ आहे. मोजायचे असेल तर जमिनीवरचा भार मोजावा : किती गाड्या, किती सांडपाणी, विहिरीतून किती उपसा. स्थापनेची तारीख यांपैकी काहीच सांगत नाही. २०२२ मध्ये अतिलघू वायनरींसाठी सोपा परवाना आणून काउंटीनेच ही त्रुटी एका परीने मान्य केली.

१२/
आता नाशिक. १९४९ चा दारूबंदी कायदा, २००१ चे द्राक्ष प्रक्रिया धोरण, २००५ मध्ये सुलाची टेस्टिंग रूम, २०२२ चा सुपरमार्केटमधील वाइनविक्रीचा निर्णय आणि त्यावरचा गदारोळ. या साऱ्या प्रवासात वाद पेटला तो दारूच्या नीतिअनीतीचा. बागेच्या सातबाऱ्याचे काय होणार, हा प्रश्न कडेलाच राहिला.

१३/
जमीन एकदा बिगरशेती झाली की तिच्यावर पुन्हा वेल चढणे दुर्मीळ. गंगापूर धरणाच्या परिसरात पाहुणे यावेत, वाइन चाखावी. त्यात गैर काही नाही. पण किती एकरांमागे किती पाहुणे, आणि दोन एकरांच्या बागाईतदारालाही तोच नियम लागू का, हे आजच ठरवावे लागेल.

१४/
नापाकडून घ्यायचेच असेल, तर १९६८ चे धैर्य घ्यावे आणि १९९० ची वतनदारी तेथेच सोडावी. उलट झाले, म्हणजे जमीन मोकळी सुटली आणि परवाने मात्र आधी आलेल्यांच्या हाती राहिले, तर 'भारताची नापा' हे बिरूद मिरवण्यात कसलेही भूषण नाही. (समाप्त)