पेटीतले प्रमाणपत्र

गेल्या महिन्यात अंबड तालुक्यातली एक भगिनी सासूबाईंसोबत आमच्याकडे आली. जालन्यातल्या एका शाळेत जागा निघाली होती, बायोडाटा तपासून हवा होता. पहिल्या पानावर उंची, छंद, भाऊ काय करतात. आम्हाला वाटले, निकाहच्या स्थळाचाच कागद हाती आला! शिक्षण मागच्या पानावर, तेही एका ओळीत: ‘डी.एड. पास’.

टीईटी? ‘‘2013 ला झाली होती, पण सात वर्षांनी संपली ना, म्हणून लिहिली नाही.’’

हाच गैरसमज अनेक घरांत आहे. सात वर्षांची मुदत 2021 मध्ये गेली. 2011 पासूनची प्रमाणपत्रेही आता आजीवन ग्राह्य आहेत. मुलांच्या संगोपनात नोकरी राहून गेलेल्या किती भगिनींनी हा कागद पेटीत टाकून दिला असेल!

तेव्हा शिक्षण पहिल्याच पानावर घ्या. परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, वर्ष, टक्के, माध्यम. टीईटीचा पेपर कोणता तेही लिहा. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. 150 पैकी गुण किती तेही. केवळ बी.एड. असेल तर पहिली ते पाचवीच्या जागेसाठी ते चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये तसा निकाल दिला आहे. निकाल लागायचा असेल तर ‘परीक्षा दिली आहे’ एवढेच लिहावे. 2019-20 च्या टीईटी घोटाळ्यानंतर प्रमाणपत्रांकडे संशयानेच पाहिले जाते.

‘अल्पसंख्याक शाळेला टीईटी लागत नाही’ या ऐकीव भरवशावरही राहू नका. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. प्रमाणपत्र हाती असेल तर ते लिहावेच.

खरी अडचण मात्र नावाची निघाली. दहावीला वडिलांचे नाव, टीईटीला शौहरचे. इंग्रजीत ‘शेख’ दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. आम्ही दहावीचे नाव वर, निकाहनंतरचे त्याखाली लिहायला सांगितले. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा आणि राजपत्रात नावबदल करून घ्यायचा.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. उठताना म्हणाल्या, ‘‘पेटी की चाबी मेरे पास है बेटा, आज ही निकालती हूँ.’’