मदत दाराबाहेर उभी असते तेव्हा

20 एप्रिल 1999 रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या कोलंबाइन हायस्कूलच्या एका खिडकीत मुलांनी मोठ्या अक्षरांची पाटी लावली होती. आत एक जण रक्तस्रावाने मरतो आहे, असे तिच्यावर लिहिले होते. तो एक जण म्हणजे डेव्ह सँडर्स, त्याच शाळेतील शिक्षक. दोन विद्यार्थी बंदुका घेऊन शाळेत शिरले तेव्हा सँडर्स यांनी उपाहारगृहातील मुलांना बाहेर पिटाळले आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांना सावध करायला गेले. तिथे त्यांना गोळ्या लागल्या. वर्गातल्या मुलांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले. बाहेर पोलीस होते, रुग्णवाहिका होत्या. हल्लेखोरांनी दुपारी बाराच्या सुमारास स्वतःलाच संपवले होते; पण बाहेरच्यांना ते ठाऊक नव्हते. एकेक खोली तपासत पोलीस सँडर्स यांच्यापर्यंत पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ गेला. ते वाचले नाहीत.

वाचकहो, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्याला पहिला धडा दिला जातो तो असा की, जागा सुरक्षित असल्याची खात्री झाल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही. यात भित्रेपणा नाही. मदत करायला गेलेलाच पडला तर एकाचे दोन जखमी होतात. पण मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून एक वेगळी विद्या उभी राहिली. पोलिसांच्या सशस्त्र तुकडीबरोबर जाऊन, धोका पूर्ण टळण्याआधीच जखमीला हात लावणारा जो प्रशिक्षित सेवक, त्याला टॅक्टिकल मेडिक म्हणतात. या महिन्यात त्याच्या शिक्षणाविषयी बोलू.

ही विद्या लष्करातून आली. व्हिएतनामच्या युद्धात सुमारे 2500 अमेरिकी सैनिक केवळ हातापायाच्या जखमांतून रक्त वाहून मेले, असे नंतर मोजले गेले. इतर कोणतीही गंभीर इजा नसताना! वेळेवर एक पट्टा आवळला असता तर त्यांतले बरेचसे घरी परतले असते. पण तेव्हा शिकवत असत की, असा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, हा अगदी शेवटचा उपाय. नाहीतर हातपाय गमवावा लागेल. 1996 मध्ये नौदलाचे डॉक्टर फ्रँक बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजुतीला धक्का देणारा लेख लिहिला. योग्य उपचार चुकीच्या वेळी केला तर तोही जीव घेतो, हे त्यांचे म्हणणे. गोळ्या सुटत असताना नाडी मोजायची नाही, मानेला पट्टी बांधायची नाही, छाती दाबत बसायचे नाही. रक्ताचा लोट थांबवायचा आणि माणसाला ओढून आडोशाला न्यायचे. श्वासाची वाट, छातीची जखम, शरीराची ऊब, हे सगळे आडोशाला गेल्यावर आणि ठरलेल्या क्रमाने. इस्पितळात पहिला प्रश्न श्वासाचा असतो, इथे रक्ताचा. बाकी साऱ्या नियमांचे मूळ या एका बदलात आहे.

रक्त थांबवण्याची ही घाई आपल्या इतिहासालाही अनोळखी नाही. उहुदच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याला जखम झाली. ह. अली (रजि.) पाणी ओतत होते, ह. फातिमा (रजि.) जखम धूत होत्या, पण पाण्याने रक्त वाढतेच आहे हे पाहून त्यांनी चटईचा तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेवर दाबली, तेव्हा रक्त थांबले. हदीसच्या ग्रंथांत ही नोंद आहे. (आज कोणी राख लावू नये, स्वच्छ कापड आपल्याकडे आहे.) धुणे उपयोगाचे नाही हे दिसताच त्यांनी उपाय बदलला, याकडे आमचे लक्ष जाते. ह. रुफैदा (रजि.) यांचा जखमींसाठीचा तंबू तर मस्जिद-ए-नबवीतच होता आणि खंदकच्या लढाईत घायाळ झालेल्या ह. साद बिन मुआज (रजि.) यांना तिथे ठेवले होते.

नागरी सेवेत हे शिक्षण 1990 च्या सुमारास आले. पोलिसांच्या मोहिमांना वैद्यकीय साथ देणाऱ्यांसाठी अमेरिकेत खास वर्ग सुरू झाले. त्यात एक धडा आम्हाला फार आवडतो. भिंतीपलीकडे जखमी आहे, तिथवर जाता येत नाही. मग केवळ आवाजाने, पलीकडच्या घाबरलेल्या माणसाच्या हातून, उपचार कसा करवून घ्यायचा? शिक्षकी पेशातल्या कोणालाही याची अवघडता कळेल. 2011 मध्ये लष्करी नियम नागरी जीवनासाठी बदलून घेणारी समिती स्थापन झाली, कारण शाळेत किंवा बाजारात पडलेला जखमी तरुण सैनिकच असेल असे नाही. तो सहा वर्षांचा मुलगा असू शकतो, गरोदर बाई असू शकते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आजोबा असू शकतात.

या नियमांवर आधारलेला वर्ग साधारण 16 तासांचा असतो. अंधारात, गोंगाटात, एका हाताने स्वतःच्याच दंडावर पट्टा आवळायचा सराव असतो. घटनास्थळाचे तीन भाग कसे ओळखायचे ते शिकवतात: जिथे गोळी सुटते आहे ती जागा, जिथून पोलीस पुढे गेले आहेत पण धोका पुरता गेलेला नाही ती जागा, आणि सुरक्षित जागा. मधल्या भागात पोलिसांच्या पहाऱ्यात शिरणे, हेच या सेवकांचे खरे काम. परवानाधारक पॅरामेडिकसाठी याहून वरची परीक्षाही आहे. ती इंटरनॅशनल बोर्ड ऑफ स्पेशालिटी सर्टिफिकेशन ही संस्था घेते आणि प्रमाणपत्र चार वर्षांपुरतेच चालते. वर्गाला हजर राहिल्याचा कागद वेगळा आणि परीक्षा उतरल्याचा वेगळा, हा फरक तिथे पाळतात. आम्ही बी.एड.चा कागद एकदाच मिळवला आणि तो जन्मभर चालतो आहे, हे या निमित्ताने नमूद करावेसे वाटते.

पण कागदाने दार उघडत नाही. 24 मे 2022 रोजी टेक्सासच्या उवाल्डी गावातील प्राथमिक शाळेत 19 मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पहिले पोलीस काही मिनिटांत पोहोचले होते. हल्लेखोराचा शेवट व्हायला त्यानंतर 77 मिनिटे लागली. शेकडो पोलीस जमले होते, पण हुकूम देणारा कोण तेच ठरत नव्हते. वर्गातून मुले फोन करत होती. अमेरिकेच्या न्याय खात्याने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या दिरंगाईवर कठोर ठपका आहे. पोलिसांनी दार उघडलेच नाही, तर मेडिक कितीही शिकलेला असो, तो व्हरांड्यातच राहणार. जे प्रशिक्षण पोलीस आणि वैद्यकीय सेवक वेगवेगळे घेतात, ते अर्धेच आहे.

आपल्या मनाला अधिक जवळची घटना न्यूझीलंडची. 15 मार्च 2019 रोजी जुम्याच्या नमाजच्या वेळी क्राइस्टचर्चच्या अन-नूर आणि लिनवुड या मशिदींत 51 जण शहीद झाले. हल्लेखोर एका मशिदीतून दुसरीकडे गेला होता. बाहेरच्यांना हल्लेखोर एक की अनेक, हेही माहीत नव्हते. जखमींपर्यंत मदत कशी पोहोचली, कोण आत गेले, पोलीस आणि रुग्णवाहिका यांचा मेळ कसा होता, याची कोरोनरपुढची चौकशी 2023 मध्ये चालली. शहीदांच्या घरच्यांना हे जाणून घ्यायचे होते की, आपला माणूस वाचू शकला असता का. त्यांच्या प्रश्नापुढे आमची लेखणी थांबते.

इमाम गझाली यांनी वैद्यकाची गणना फर्ज-ए-किफायात केली आहे. वस्तीतल्या काहींनी ते शिकले की साऱ्यांवरची जबाबदारी उतरते. कोणीच शिकले नाही तर सारेच गुन्हेगार. टॅक्टिकल मेडिक हे असे काही थोड्यांचे काम. पण पहिल्या पाच मिनिटांचे काय? तिथे तर जो हजर असेल तोच. (मसला सांगण्याचा अधिकार उलेमांचा, आम्ही फक्त शंका मांडतो.)

अमेरिकेतील शल्यचिकित्सकही या प्रश्नाशी आले. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत 20 लहान मुले मारली गेल्यावर डॉक्टर, पोलीस आणि लष्करातील तज्ज्ञ हार्टफर्ड शहरात बसले आणि रक्त थांबवणे सर्वसामान्यांना शिकवायचे ठरले. 2015 पासून 'स्टॉप द ब्लीड' नावाने ते शिकवले जाते. टेक्सासमध्ये 2019 च्या कायद्याने शाळांत यासाठीचे साहित्य ठेवणे आणि कर्मचाऱ्यांना शिकवणे बंधनकारक झाले. बंदुकीवर बंधन घालण्यापेक्षा शाळेत पट्टे वाटणे त्या देशाला सोपे वाटावे, हे आम्हाला पटत नाही. तरी पट्टा वाईट म्हणता येत नाही.

आपल्याकडे वर्गात बंदूक येत नाही, अल्लाहचे आभार. पण खिडकीची काच, कडबाकुट्टी, ऊस गाळण्याचे यंत्र आणि रस्ता आहेच. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही भीती आता बाळगू नये. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. बहुतेक शाळांच्या प्रथमोपचार पेटीत मात्र आयोडीन, कापूस आणि मुदत संपलेल्या गोळ्या असतात, आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असते.

तेव्हा एवढे घरी सर्वांना दाखवून ठेवावे. रक्त जोराने वाहत असेल तर एकाने 108 ला फोन करावा, दुसऱ्याने स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घडी करून थेट जखमेवर दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबावी. थांबले का हे पाहायला मध्येच हात उचलू नये. कापड भिजले तर वर दुसरे ठेवून दाबतच राहावे. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल, तरच जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टा आवळावा. सुतळी किंवा तार नको, ती मांस कापते. पट्टा बांधल्याची वेळ लिहून ठेवावी, तो अधूनमधून सैल करू नये, आणि रुग्णवाहिका आल्यावर आधी ती वेळ सांगावी. साप चावला असेल तर मात्र काहीही आवळून बांधायचे नाही. हात किंवा पाय न हलवता माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे, विषावरची लस तिथे असते.