अ‍ॅमीटरची पूजा पुरे!

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या भक्तांचा एकच मंत्र असतो: "ओरिजिनल आहे, हात लावायचा नाही." रंग, सीट, बंपर... सगळं मान्य. पण वायरिंग? तिथे हा हट्ट म्हणजे आगीला आवतण.

१९७० च्या दशकातला डॉज डी-१०० पिकअप घ्या. डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर आहे, आणि तो सिरीजमध्ये आहे. म्हणजे बॅटरीकडे जाणारा सगळा करंट आधी केबिनमध्ये येतो, अ‍ॅमीटरमधून फिरतो आणि परत बाहेर जातो. वाटेत फायरवॉलवरचे गंजके कनेक्टर. दिवे, हीटर, वायपर एवढ्यावर ते निभावलं.

आता भाऊसाहेब लावणार ६०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. १२ व्होल्टने भागा: ५० अँपिअर! "पण मी थेट बॅटरीवरून घेतलंय ना!" अहो, इंजिन चालू असताना तो करंट अल्टरनेटरकडून अ‍ॅमीटरमधूनच बॅटरीकडे येणार. आणि करंट दुप्पट झाला की वायर चौपट तापते, हे शाळेतलं फिजिक्स. फ्यूज उडाला की हे महाशय मोठा फ्यूज टाकतात. फ्यूज वायर वाचवायला असतो हो, तुमची गाणी नव्हे!

उपाय सोपा आहे. अल्टरनेटर ते बॅटरी थेट जाड वायर टाका, तिला फ्यूज द्या. (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड, बरं का!) अ‍ॅमीटरच्या जागी व्होल्टमीटर बसवा. तो पॅरलल असतो, करंट जवळजवळ खातच नाही. प्रत्येक नव्या अ‍ॅक्सेसरीला बॅटरीजवळ वेगळा फ्यूज द्या.

आम्ही सॉफ्टवेअरवालेही जुन्या कोडला हात लावायला घाबरतो. पण निदान त्याने दारातली गाडी पेटत नाही.