यकृतावरील व्रण : किल्ली एक, दारे अनेक

यकृतात व्रण का पडतात, हे वैद्यकशास्त्राला बऱ्याच अंशी उमगले आहे. ती प्रक्रिया मुळाशीच थांबवणारे औषध मात्र अद्याप हाती आलेले नाही. ज्ञान आणि उपचार यांतील हे अंतर समजून घ्यायचे, तर पेशींच्या पृष्ठभागावरील ‘इंटिग्रिन’ या प्रथिनांकडे पाहावे लागते.

यकृतातील तारकाकृती पेशी एरवी ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळत शांत असतात. मद्य, विषाणू किंवा साचलेली चरबी यांमुळे यकृताला वारंवार इजा झाली, की त्या जाग्या होतात आणि कोलॅजेनचे तंतू निर्माण करू लागतात. त्यांना चेतवणारे प्रमुख प्रथिन म्हणजे टीजीएफ-बीटा. ते ऊतींमध्ये निष्क्रिय, जणू वेष्टनात बांधलेले असते. हे वेष्टन सोडवण्याचे काम इंटिग्रिन कुळातील काही प्रथिने करतात.

२०१३ मध्ये एडिंबरा आणि सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी उंदरांच्या तारकाकृती पेशींतून ‘अल्फा-व्ही’ हा इंटिग्रिनचा घटक काढून टाकला. रासायनिक इजा होऊनही त्या उंदरांच्या यकृतात व्रण कमी पडले. अल्फा-व्ही गटाला रोखणाऱ्या रेणूने तर आधीच सुरू झालेली तंतुमयताही कमी केली. किल्ली सापडल्याची आशा तेव्हा रास्तच होती.

अडचण अशी, की ही किल्ली एकाच दाराची नाही. टीजीएफ-बीटा शरीरातील दाह आटोक्यात ठेवते. त्याचा पहिला प्रकार जन्मतःच नसलेले उंदीर दाहाने काही आठवड्यांतच दगावतात. बीटा-६ हा इंटिग्रिनचा घटक नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतील वायुकोश कालांतराने नष्ट होत जातात. अल्फा-व्ही-बीटा-६ आणि अल्फा-व्ही-बीटा-१ यांना रोखणाऱ्या ‘बेक्सोटेग्रास्ट’ या औषधाची फुप्फुसांच्या तंतुमयतेवरील मोठी चाचणी २०२५ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव थांबवावी लागली.

अमेरिकेत मान्यता मिळाली, ती वेगळ्या वाटेने जाणाऱ्या औषधांना. चयापचयातील बिघाडामुळे होणाऱ्या यकृतदाहासाठी मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड मंजूर झाले. दोन्ही औषधे व्रणावर थेट घाव घालत नाहीत. त्यामागचे चरबीचे आणि चयापचयाचे ओझे हलके करतात. रेस्मेटिरोमच्या चाचणीत वर्षभरानंतर सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तंतुमयता किमान एका पायरीने घटली. औषधाविना हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. शिवाय ही मान्यता मध्यम ते तीव्र तंतुमयतेपुरतीच आहे. सिरोसिस झालेल्यांना ती लागू नाही.

म्हणूनच वेळ निर्णायक ठरते. यकृतातील तंतुमयता वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढते. दक्षिण आशियाई व्यक्तींना तुलनेने कमी वजनातही मधुमेहाचा धोका असतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत त्यांच्यासाठी वाढीव धोक्याची बीएमआय मर्यादा २५ ऐवजी २३ धरली जाते. परदेशातील मराठी माणसाने ‘मी काही लठ्ठ नाही’ या समजुतीवर विसंबून राहणे धोक्याचे, ते यामुळेच. वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ निर्देशांक साध्या रक्ततपासणीतून मिळतो. टाइप २ मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या प्रौढांनी ही तपासणी करावी, अशी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची शिफारस आहे.

इंटिग्रिनवरील संशोधन उद्या कदाचित एकाच दाराची किल्ली घडवेल. तोवर व्रण खोल होण्याआधी तो ओळखणे, हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे.