आई-बाबा मत कोणाला देणार?

निवडणूक लागली की घरातले मूल कधीतरी विचारतेच, मत कोणाला देणार? वाशिम जिल्ह्यात मानोऱ्याच्या बाजूला हा प्रश्न ‘बाबा, मत कोनाले देऊन राह्यले?’ असा येतो आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तर ठरलेले असते : ‘तुले काय कराचं त्याचं, अभ्यास कर.’ काही घरांत चिन्ह सांगितले जाते आणि विषय तिथेच मिटतो. कारण सांगणारी घरे थोडी. सोयाबीनचा भाव, गावचा रस्ता, शाळेतली शिक्षकाची रिकामी जागा, उमेदवाराची मागची पाच वर्षे हे सारे मुलासमोर मांडून ‘म्हणून माझे मत अमक्याला’ असे सांगायला वेळ लागतो, आणि त्याआधी सांगणाऱ्याला स्वतःचे कारण नीट ठाऊक असावे लागते. चिन्ह तर चौकातल्या फलकावरही दिसते. मुलाला घरातून मिळण्यासारखे जे आहे ते कारणच.

आई-वडिलांनी हे सांगावेच अशी कायद्याची सक्ती नाही आणि सांगू नये अशी बंदीही नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ९४ नुसार मत कोणाला दिले हे सांगायला कोणालाही भाग पाडता येत नाही. कलम १२८ मतदानाच्या आणि मोजणीच्या कामावरील माणसांना गुप्ततेने बांधून ठेवते. मतदाराने घरी आपणहून तोंड उघडले तर मात्र कायदा आड येत नाही. तो आड येतो धाक घातला तर. ‘सांगितले तिथे बटन दाबले नाही तर घरात पाय ठेवू नको’ असे बजावणे हा मतदानाच्या हक्कात गैरवाजवी दबाव ठरतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे, आणि धाक घालणारा बाप, नवरा किंवा थोरला भाऊ आहे म्हणून त्यात सूट मिळत नाही. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, गावातला भोंगा बंद होतो. घरातली चर्चा खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होते, आणि तिच्यावर कसलीही आचारसंहिता नाही. म्हणूनच समजावणे आणि बजावणे यांतली रेघ प्रत्येक घराला स्वतःच आखावी लागते.

घर म्हणजे एकच मत, ही समजूत फार जुनी आणि एके काळी प्रतिष्ठित होती. इंग्लंडमध्ये जेम्स मिल यांनी १८२० च्या निबंधात असा युक्तिवाद केला की स्त्रियांचे हित वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या हितात सामावलेले असते, तेव्हा त्यांना वेगळ्या मताची गरज नाही. त्यांचेच चिरंजीव जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. गुप्त मतदानावरही बापलेकांचे जमले नाही. वडील त्याच्या बाजूचे होते, तर मुलाचे पुढे असे मत झाले की मत ही सार्वजनिक जबाबदारी आहे, ती चारचौघांत पार पाडावी. ब्रिटनने १८७२ मध्ये गुप्त मतदान स्वीकारले आणि इथे वडिलांचे म्हणणे खरे ठरले. घरातल्या घरात इतका मोठा मतभेद होऊनही दोघांनी आपापली कारणे जगापुढे ठेवली, हे या विषयात लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात १९३५ च्या कायद्याने काही स्त्रियांना मत दिले ते मालमत्ता असलेल्या पुरुषाची पत्नी म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याआधीच, १९२८ मध्ये, सायमन आयोगापुढे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मागितला होता. राज्यघटनेने तो दिला. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीची यादी करताना लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण योग्य होता. नवऱ्याच्या नावाने नोंदलेले मत पुढे नवऱ्याच्याच मर्जीने पडले असते.

मानोऱ्यात आजी-आजोबांपासून आजपर्यंतचे मतदान मुलाला समजावून सांगायचे तर नकाशापासून सुरुवात करावी लागते. पहिल्या निवडणुकीत वऱ्हाड मध्य प्रदेशात होता, १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रात. घर, शेत आणि विहीर जागच्या जागी राहून तीन निवडणुका तीन राज्यांत झाल्या. पहिल्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे. आजोबांच्या तोंडी बैलजोडी, दिवा, झोपडी ही नावे आली ती तिथून. काँग्रेसची बैलजोडी गेली, गाय-वासरू आले, मग हात आला. १९७७ मध्ये वाशिममधून वसंतराव नाईक लोकसभेवर गेले. पुसदजवळच्या गहुलीचा बंजारा समाजाचा हा नेता अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला, त्यामुळे तांड्यांना त्याला मत देण्याचे कारण शोधावे लागले नाही. १९८० आणि १९८४ मध्ये याच मतदारसंघाने गुलाम नबी आझाद यांना निवडून दिले. जम्मूकडच्या माणसाला इथल्या शेतकऱ्याने मत का दिले, हे आजच्या मुलाला सांगताना चिन्हामागे माणूस कसा दिसेनासा होतो तेही सांगावे लागते.

पुढे पुंडलिकराव गवळी १९९६ मध्ये आणि त्यांच्या कन्या भावना गवळी १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून आल्या. २००९ पासून मतदारसंघ यवतमाळ-वाशिम झाला, धनुष्यबाण कायम राहिला. २६ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा मात्र शिवसेना फुटलेली होती : एका बाजूला शिंदे गटाच्या राजश्री पाटील धनुष्यबाणावर होत्या आणि दुसऱ्या बाजूला ठाकरे गटाचे संजय देशमुख मशालीवर. पंचवीस वर्षे एकच बटन शोधणाऱ्या वडिलांना त्या वर्षी घरात खरेखुरे कारण सांगावे लागले. आपण पक्षाला मत देत होतो, चिन्हाला की माणसाला? ज्या घरांत हे बोलणे झाले तिथली मुले पक्षांतरबंदी कायदा, निवडणूक आयोगाचा निर्णय आणि न्यायालयातले खटले हे सारे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाआधी शिकली. देशमुख ९० हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

निवडणुकीत मुलांचे आणखी एक काम असते. कार्यकर्ते दारात नमुना मतपत्रिका टाकून जातात. आजीला अक्षर लागत नाही, आजोबांचा चष्मा सापडत नाही, म्हणून सहावी-सातवीतली नात ती वाचून दाखवते : अनुक्रमांक, नाव, चिन्ह. पुष्कळ घरांत मतदारयादीत नाव नसलेले हेच माणूस सगळ्यांत चांगले वाचणारे असते. वाचून दाखवणाऱ्या मुलीला ‘मग याला का नाही?’ असे विचारायचा हक्क आपोआप मिळतो, आणि तिला उत्तर देणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे.

कारणे घरात एकसारखी नसतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान मोदी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे हे ठिकाण बंजारा समाजाची काशी मानले जाते. त्या दिवशी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि त्याच दौऱ्यात पीएम-किसानचा अठरावा हप्ता सोडण्यात आला. जुलैपासूनचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये आईच्या खात्यात येत होते. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, पण दिवाळीच्या खर्चासाठी घाईने बाजार समितीत नेलेल्या मालाला त्याहून बराच कमी भाव मिळत होता. आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. एकाच छपराखाली आईचे कारण खात्यातल्या पैशाचे, वडिलांचे कारण भावातल्या तोट्याचे, आजोबांचे पोहरादेवीच्या मानाचे. ही तिन्ही कारणे खरी आहेत आणि त्यांतले एकही हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अशा घरात मुलाला सांगायची सगळ्यांत अवघड गोष्ट ही की आलेला पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे लोकांचाच आहे. त्याची परतफेड मताने करायची नसते, पण योजना चांगली वाटली म्हणून मत द्यायलाही कुणाची हरकत नसते.

तांड्यातल्या घरांपुढे याहून वेगळे प्रश्न येतात. ऊसतोडीला, बांधकामावर, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे मत गावात असते आणि पोट परगावी. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता, मतदानाच्या पाच दिवस आधी. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्याला मत कोणाला द्यायचे याआधी मत द्यायला थांबायचे की नाही हे ठरवावे लागते. दुसरी अडचण मोजणीची. प्रत्येक केंद्राचे आकडे वेगवेगळे जाहीर होतात, त्यामुळे माणसाचे मत झाकलेले राहते पण लहान तांड्याचे उघडे पडते. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारे टोटलायझर निवडणूक आयोगाने सुचवले, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याला पाठिंबा दिला, पण सरकारने ते स्वीकारले नाही. ते स्वीकारायला हवे होते. तांड्याचे नाईक आणि कारभारी यांनी बैठकीत सांगितले त्याहून वेगळे मत देणाऱ्या आई-बापाला ते मुलापाशी बोलायचीही भीती वाटत असेल, तर ती भीती या आकड्यांतून येते.

घरातली ही चर्चा बाहेरच्यांच्याही नजरेत आली आहे. शाळेतून मुलांच्या हाती पालकांसाठी संकल्पपत्र येते. ‘आम्ही मतदान करू’ यावर आई-वडिलांनी सही करायची. मत कोणाला हा प्रश्न त्यात नसतो आणि तसे असणेच बरोबर. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात मात्र कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांनी एका शाळेत मुलांना सांगितले की आई-वडील आपल्याला मत देत नसतील तर दोन दिवस जेवू नका. प्रचारात मुलांना कोणत्याही प्रकारे वापरू नये असे निवडणूक आयोगाने त्याआधी काही दिवसच बजावले होते. मुलाच्या उपाशी पोटाने आईचे मत मागणे हा घराचा अपमान आहे, मग ते गमतीने म्हटलेले असो वा गंभीरपणे. त्याच वर्षी मे महिन्यात भोपाळजवळच्या बैरसियात एका वडिलांनी मुलाला मतदान कक्षात नेऊन त्याच्या हाताने बटन दाबायला लावले. गुन्हा नोंदला गेला आणि केंद्राचा अधिकारी निलंबित झाला. निवडणूक नियमांनुसार मतदारासोबत आत येऊ शकते ते फक्त कडेवरचे मूल. चालत्या-बोलत्या मुलाला दाराबाहेर थांबावे लागते. त्याला आतले जे कळायचे ते घरी सांगूनच कळणार.

सांगितलेले मुलात किती उतरते, याचा अभ्यास अमेरिकेत जेनिंग्ज आणि नीमी या दोन अभ्यासकांनी १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले आणि त्यांचे पालक यांच्या मुलाखती घेऊन केला. पक्षाची ओढ आई-वडिलांकडून मुलांकडे बऱ्यापैकी येते, पण एकेका प्रश्नावरची मते फारच कमी येतात, असे त्यांना आढळले. वऱ्हाडातल्या घरांनाही हे ओळखीचे वाटेल. चिन्ह वारशाने मिळते, कारण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शोधावे लागते.

२८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. आता सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला अठरा भरतील त्यानुसार नाव लागते. नमुना सहाच्या अर्जात आई, वडील किंवा अन्य नातेवाइकाचे नाव द्यावे लागते आणि घरातली सगळी नावे शक्यतो एकाच यादीभागात येतात, म्हणून एका घरची माणसे बहुधा एकाच केंद्रावर मत देतात. इथून प्रश्नाची दिशा बदलते. पुण्याला शिकणारी मुलगी दिवाळीत घरी येते आणि आई तिला विचारते, तू कोणाला देणार? मुलीने सांगितले नाही तर आईने राग धरू नये. इतकी वर्षे हेच उत्तर मुलीला मिळत आले होते.

शेवटचा टप्पा म्हाताऱ्या आई-वडिलांचा. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय देशभर मिळाली. त्यासाठी आधी नमुना १२-ड भरावा लागतो. मग कर्मचारी मतपत्रिका घेऊन दारात येतात, आडोसा करतात आणि घरच्यांना बाजूला व्हायला सांगतात. केंद्रावर जाणाऱ्या अंध किंवा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील साथीदार नेता येतो. त्याने मत गुप्त ठेवण्याचे लेखी कबूल करायचे असते. एका दिवशी एका माणसाला एकाच मतदाराचा साथीदार होता येते. आई आणि वडील दोघांचीही दृष्टी गेली असेल तर एकाच मुलाला दोघांबरोबर आत जाता येत नाही, दुसऱ्यासाठी दुसरे माणूस आणावे लागते.