एक्झॉस्टच्या कामाला एक रात्र द्या

पाऊस उघडला की दापोली, श्रीवर्धन, मालवणकडच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या गॅरेजात येऊ लागतात. तक्रार बहुधा एकच असते: एक्सिलरेटर दाबला की इंजिनाजवळून फटफट आवाज आणि केबिनमध्ये धुराचा वास. मॅनिफोल्डचे पॅकिंग गेलेले असते. पॅकिंग बदलणे अवघड नाही, पण त्याआधी नट सुटावे लागतात आणि घोडे तिथेच अडते.

या गाड्या पुळणीवर उतरतात, खाडीच्या पाण्यातून जातात, आणि परत आल्यावर खालून गोड्या पाण्याने कुणी धूत नाही. मीठ आणि ओल धरलेल्या आट्यांना रोज आच लागते; चढाला ओढणाऱ्या टर्बो डिझेलचा एक्झॉस्ट ६०० अंश सेल्सियसच्या पुढे जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या बारीक फटीत तो फुगला की नट आणि स्टड एकजीव होतात. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आणखी भर पडते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि प्रत्येक तापण्या-निवण्यात स्टडवर ताण येतो.

अशा नटाला पाना लावून त्यावर पाइप चढवणे ही आपल्या धंद्यातली सर्वांत महाग सवय आहे. हिशेब करून पाहा. आठ एमएमचा, ८.८ ग्रेडचा स्टड आवळायला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. दोन फुटांच्या पाइपच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की तिथे ११५ न्यूटन-मीटरच्या वर पोहोचतात. एवढ्यात नट सुटत नाही, स्टड तुटतो. मग अर्ध्या दिवसाच्या कामाचे तीन दिवस होतात, कधी हेड उतरवावे लागते, आणि गिऱ्हाईक म्हणते, गाडी दिली तेव्हा तर बोल्ट शाबूत होता. त्याचे म्हणणे खोटे नसते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की एक्झॉस्टच्या कामाची गाडी संध्याकाळी घ्यावी. वायर ब्रशने उघडे आटे साफ करावेत, पेनिट्रेटिंग ऑइल सोडावे, स्टडच्या तोंडावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पुन्हा एकदा. डब्ल्यूडी-४० चा डबा प्रत्येक गॅरेजात असतो, पण १९५३ साली ते मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनले. मुरण्यासाठी बनवलेले तेल वेगळे मिळते, ते आणून ठेवा. सॉकेट सहा कोनीच वापरा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

सुरुवातीला नट किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडा, पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे. इथे कान आणि मनगट दोन्ही जागे हवेत. करकर आवाज करत, धक्के देत नट फिरला तर तो सुटतो आहे. आवाज न करता पाना मऊ, रबरासारखा फिरू लागला तर स्टड पिळवटतो आहे. त्या क्षणी हात थांबला पाहिजे. नव्या पोराला हा फरक सांगून कळत नाही. त्याचा हात पान्यावर ठेवून दाखवा.

तेलाने भागले नाही तर आच. सांडलेले तेल आधी पुसून घ्या, आणि स्टडला नव्हे, नटाला तापवा, लाल होईपर्यंत. नट फुगतो, आतला गंज चुरतो. लाली पूर्ण गेल्यावर आट्यांशी मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आत शिरते. हा जुना उपाय आजही हमखास आहे. मात्र गॅस पेटवण्याआधी डिझेलची लाइन, ब्रेकचा होज आणि वायरिंग कुठून गेले आहे ते पाहा आणि अग्निशामक हाताशी ठेवा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत त्याच पाइपवर तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर बसलेले असतात. एक सेन्सर जळाला की त्या कामात कमाई उरत नाही. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर आच किंवा वेल्डिंग अजिबात नको. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

एवढे करूनही स्टड तुटलाच, तर उरलेल्या थोटकावर नट ठेवून आतून वेल्ड करा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ लावा. वेल्डची धग थेट थोटकाला मिळते आणि पान्याला पकडही मिळते. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटायची भीती कमी. इझी-आउट आम्ही शेवटचा मानतो. ते कडक पोलादाचे असते, आत तुटले तर साधा ड्रिल त्यावर चालत नाही. ड्रिल करणे भागच पडले तर सेंटर पंच नेमका मध्यावर मारा आणि आठ एमएमच्या साध्या आट्यांसाठी ६.८ एमएमच्या पुढे जाऊ नका.

आणि जोडताना? जाम झालेल्या नटांपैकी कितीतरी मागच्या वेळी कोरडेच बसवलेले, जुनेच वापरलेले असतात. स्टड नवे घाला, नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले घ्या, तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावा. साधे ग्रीस जळून जाते. पेस्ट लावलेल्या आट्यांना कोरड्याइतका टॉर्क देऊ नका, स्टड जास्त ताणला जातो.

गिऱ्हाइकाला रात्रभर गाडी ठेवण्याचे कारण आधी सांगा, तुटल्यास येणारा खर्च एस्टिमेटवरच लिहा, आणि नवे स्टड, नट, पेस्ट बिलात वेगळे दाखवा. त्या पैशांवर वाद घालणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते.